विधी, शाप आणि मोर्चा : चेटूकविद्या सामाजिक लढ्यात आणावी का?

विश्वामित्रीकाठ (धागाकर्ती, बडोदे)

स्त्रियांवरील हिंसेच्या प्रश्नावर काम करणाऱ्या आमच्या एका छोट्या गटात सध्या जो वाद चालू आहे, तो जाणकारांपुढे मांडावा म्हणून हा धागा काढत आहे. दर वर्षी २५ नोव्हेंबरला, म्हणजे स्त्रियांवरील हिंसेच्या निर्मूलनासाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या दिवशी, आम्ही न्यायमंदिराच्या परिसरात मूक निदर्शने करतो. गटातल्या दोन तरुण मैत्रिणी पाश्चात्त्य चेटूकविद्येचे, म्हणजे विक्का आणि तिच्या आसपासच्या पंथांचे, गंभीरपणे आचरण करतात. या वर्षी त्यातला एक विधी तिथे जाहीरपणे करावा, आणि अत्याचाराचा आरोप असूनही उजळ माथ्याने फिरणाऱ्या एका माणसाचे नाव घेऊन त्याला मंत्राने 'बांधावे', म्हणजे त्याची अपाय करण्याची शक्ती जखडून टाकावी, असा त्यांचा प्रस्ताव आहे. मी स्वतः विद्यापीठात असल्यापासून हा मार्ग आचरते, त्यामुळे प्रस्तावाला हसण्याचा प्रश्नच येत नाही. पण होकार देतानाही मन कचरते आहे.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. इंग्लंडमधला चेटूकविषयक १७३५ चा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, त्यानंतर जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ मध्ये पुस्तक लिहून विक्का हा पंथ लोकांपुढे आणला. तो मुळात मूठभर लोकांनी बंद दाराआड करायच्या उपासनेचा पंथ होता आणि राजकारणाशी त्याचा फारसा संबंध नव्हता. तो संबंध अमेरिकेत जुळला. १९६८ च्या ३१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये काही स्त्रीवादी तरुणी काळे झगे आणि टोकदार टोप्या घालून वॉल स्ट्रीटवर शाप उच्चारायला गेल्या. त्यांच्यापैकी बहुतेकींसाठी ते पथनाट्य होते, श्रद्धा नव्हे. श्रद्धा आणि आंदोलन खऱ्या अर्थाने एकत्र आणले ते सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टारहॉक आणि त्यांच्या 'रिक्लेमिंग' या समूहाने. कॅलिफोर्नियातल्या डायब्लो कॅन्यन अणुवीज प्रकल्पाची १९८१ ची नाकेबंदी असो वा सिएटलमध्ये १९९९ साली झालेली जागतिक व्यापार संघटनेविरुद्धची निदर्शने असोत, अटक करवून घेणाऱ्यांमध्ये रिंगण धरून मंत्र म्हणणारे हे लोक होते. अलीकडे, २०१७ च्या फेब्रुवारीपासून, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना 'बांधण्याचा' विधी चंद्र क्षीण होत असताना दर महिन्याला एकाच वेळी ठिकठिकाणी केला जात होता.

माझा प्रश्न असा आहे की, ही परंपरा बडोद्याच्या रस्त्यावर आणताना तिच्यातले काय घ्यावे आणि काय सोडावे. टवाळी करण्यासाठी इतर धागे आहेत, ही नम्र सूचना.

तर्कनिष्ठ_बाबाजीपुरा

ताई, आपल्या गटाच्या कामाविषयी आदर बाळगूनच लिहितो, पण प्रस्ताव मुळातूनच सोडून द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ पासून जे काम उभे केले आणि ज्यासाठी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्याचा गाभा एवढाच होता की मंत्राने कोणाचे बरे-वाईट करता येते हा दावा जाहीरपणे केला गेला तर त्याची जाहीरपणे तपासणी झाली पाहिजे. सुशिक्षित, इंग्रजी बोलणाऱ्या, पुरोगामी स्त्रिया भर रस्त्यात मंत्राने माणूस बांधता येतो असे सांगू लागल्या, तर उद्या गल्लीतला भुवा, म्हणजे मांत्रिक, हेच उदाहरण देऊन आपली दक्षिणा वाढवून घेईल, आणि त्याला आपण कोणत्या तोंडाने अडवणार?

डायब्लो कॅन्यनचा उल्लेख आपण केलात म्हणून तीही गोष्ट पुरी सांगतो. नाकेबंदी संपत असताना, म्हणजे १९८१ च्या सप्टेंबरात, कंपनीच्याच एका तरुण अभियंत्याच्या लक्षात आले की भूकंपरोधक आधारांची आखणी करताना दोन अणुभट्ट्यांच्या नकाशांची उलटापालट झाली आहे. त्यावरून नोव्हेंबरात परवाना स्थगित झाला आणि प्रकल्पाला काही वर्षे उशीर झाला. १९८५ मध्ये तो सुरू झालाच. थांबवले ते नकाशा तपासणाऱ्या डोळ्यांनी. मंत्र म्हणणाऱ्यांनी त्याचे श्रेय स्वतःकडे घेतले असेल, तर माझी त्याला हरकत आहे.

अमावास्या_२३

प्रस्ताव मांडणाऱ्या दोघींपैकी मी एक आहे. काका, आपण ज्या दाव्याला विरोध करत आहात तो दावा आम्ही केलेलाच नाही. स्टारहॉक यांनी इंग्रज लेखिका डायॉन फॉर्च्यून यांची जी व्याख्या उचलली आहे, तीत जादू म्हणजे स्वतःच्या इच्छेने जाणिवेत बदल घडवण्याची कला. अणुभट्टी मंत्राने बंद पडत नाही, हे रिंगणात उभ्या राहिलेल्यांनाही ठाऊक असते. पण पोलिसांच्या गाडीत कोंबले जाण्याच्या आदल्या रात्री, ज्या माणसांनी एकमेकांना आठवड्यापूर्वी पाहिलेलेही नाही, ती एकमेकांचा हात न सोडण्याइतकी धीट कशी होतात, या प्रश्नाला आपल्या तर्कनिष्ठ चळवळीकडे फारसे उत्तर नाही. सभेतले ठराव, पत्रके आणि मेणबत्त्या यांनी ते होत नाही, हे आम्ही दर वर्षी अनुभवतो. मेणबत्त्या तरी कुठल्या तर्काने लावतो आपण?

नाव घेऊन बांधण्याविषयी सांगायचे, तर ज्या बाईची फिर्याद नोंदवून घ्यायलाच महिने लागले, तिला 'न्यायव्यवस्थेवर विश्वास ठेव' हे सांगणे क्रूर आहे. त्या माणसाला त्याच्या नावाने आणि चार लोकांसमक्ष नकार द्यावा एवढीच तिची इच्छा आहे. त्यात अंधश्रद्धा कुठे आली?

पूर्वपट्टी

मी दाहोद आणि छोटा उदेपूरकडच्या गावांमध्ये आरोग्याच्या कामासाठी बरीच वर्षे फिरते, म्हणून एवढेच सांगते की या चर्चेत एक माणूस अजून आलेलेच नाही, आणि ते म्हणजे जिला 'डाकण', म्हणजे चेटकीण, ठरवले जाते ती बाई.

हे घडते कसे ते पाहावे. घरात मूल दगावते, किंवा म्हैस आटते, किंवा एकाच घरातली दोन माणसे पाठोपाठ तापाने जातात. भुव्याकडे जातात. तो दाणे टाकतो, अंगात आणतो आणि शेवटी एक नाव सुचवतो, किंवा न सुचवता असे वर्णन करतो की नाव आपोआप निघते. ते नाव बहुधा विधवेचे, निपुत्रिकेचे, किंवा जिच्या नावावर दोन बिघे जमीन आहे अशा एकट्या बाईचे असते, आणि दीर किंवा पुतण्यांची त्या जमिनीवर आधीपासूनच नजर असते. पुढचे सर्व, म्हणजे मारहाण, विष्ठा खायला घालणे, गावातून हाकलणे, क्वचित खून, हे त्या एका उच्चारलेल्या नावापासून सुरू होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात देशभरातल्या ६८ खुनांमागे जादूटोण्याचा हेतू नोंदवला आहे. हे फक्त खून झाले. हाकलून दिलेल्या बायका कुठल्याच रकान्यात येत नाहीत.

अमावास्या, तुझा राग मला कळतो, पण ज्या विधीच्या मध्यभागी एका माणसाचे नाव जमावासमोर उच्चारले जाते आणि पुरावा मागण्याची सोय नसते, तो विधी मी फार जवळून पाहिलेला आहे. नाव घेणारे बदलले म्हणून त्याची रचना बदलत नाही. आणि एक विचारते : अमेरिकेतल्या मुली टोकदार टोपी संध्याकाळी काढून घरी जाऊ शकतात, माझ्या भागातल्या बाईला ती टोपी काढता येत नाही. तिच्यासमोर आपण हौसेने ती घालून उभे राहणार का?

कलम_आणि_कारकून

व्यवसायाने वकील असल्यामुळे कायद्याची बाजू मांडतो. सल्ला म्हणून नव्हे, माहिती म्हणून वाचावी.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत जी कृत्ये सांगितली आहेत, त्यांत एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हे जसे आहे, तसेच मंत्राने भूतपिशाच्चांना आवाहन करण्याची धमकी देऊन लोकांच्या मनात भीती निर्माण करणे हेही आहे. गुजरात विधानसभेने ऑगस्ट २०२४ मध्ये जो कायदा संमत केला तो बराचसा याच वळणाचा असून दोन्हीकडे शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत आहे. प्रतीकात्मक निषेध यात बसतो असे माझे म्हणणे नाही, परंतु ज्याचे नाव घ्याल त्याच्या वकिलाला तसे म्हणण्याची संधी मात्र आपण हातात देत आहात. शिवाय त्या माणसावर खटला चालू असेल, तर 'आंदोलकांनी आमच्या अशिलाविरुद्ध वातावरण तापवले' हा युक्तिवाद फिर्यादी बाईच्याच अंगावर येतो. माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर मुद्दा हा आहे.

याहून जुने आणि अधिक नेमके असे एक कलम आहे, ते सहसा कोणाच्या वाचनात नसते. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे ५०८ वे कलम, जे आता भारतीय न्याय संहितेत ३५४ वे झाले आहे, असे सांगते की एखाद्याने अमुक गोष्ट केली नाही तर त्याच्यावर दैवी कोप ओढवेल असा समज करून देऊन त्याच्याकडून ती करवून घेणे हा गुन्हा आहे. मूळ संहितेत या कलमाखाली दिलेले पहिले उदाहरण वाचून मी चकित झालो होतो : 'क्ष' च्या दाराशी 'अ' धरणे धरून बसतो, आणि त्यामुळे 'क्ष' वर दैवी कोप होईल असे लोकांना वाटावे हा त्याचा हेतू असतो.

दप्तरखाना

वकीलसाहेबांनी माझ्या आवडीच्या विषयाला हात घातला आहे, तेव्हा थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी घेतो.

धागाकर्तींनी शाप आणि आंदोलन यांची सांगड अमेरिकेत पडली असे लिहिले आहे. चेटूकविद्येपुरते ते बरोबर असेल, परंतु शाप हे निःशस्त्र माणसाचे शस्त्र म्हणून वापरण्याची पद्धत आपल्याच प्रांतात शतकानुशतके रुजलेली होती आणि ती समजून घेण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोला जावे लागत नाही. धरणे हा मूळचा तगादा होता. पैसे बुडवणाऱ्याच्या उंबरठ्यावर सावकार, किंवा त्याच्या वतीने एखादा ब्राह्मण, अन्नपाणी सोडून बसे. घरातल्यांनाही मग जेवता येत नसे, आणि बसलेला माणूस मेला तर ब्रह्महत्येचे पाप त्या घरावर. गुजरात आणि काठियावाडात भाट आणि चारण हे स्तुतिपाठक जातींचे लोक याच बळावर जामीन राहत असत. संस्थानिकाने शब्द मोडला, तर जामीन राहिलेला चारण स्वतःला जखम करून घेई, प्रसंगी आपल्याच घरातल्या वृद्धेचा किंवा मुलाचा जीव घेई, आणि ते रक्त शब्द मोडणाऱ्याच्या माथी लागे. याला त्रागा म्हणत. सैन्य, न्यायालय आणि नोंदणी कचेरी या तिन्हींचे काम या भीतीवर चालत असे, आणि वसुलीच्या करारांना भाटांची जामीनकी ही या भागात नित्याची बाब होती. दंड संहितेच्या त्याच कलमाखालचे दुसरे उदाहरण स्वतःच्या मुलाला मारण्याच्या धमकीचे आहे. ते कल्पनेतून आलेले नाही, ते त्राग्याचे वर्णन आहे.

या पद्धतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण पूर्वपट्टीताईंच्या मुद्द्याशी ती जुळते. त्राग्यात बळी कोण जाई? चारणाच्या घरातली म्हातारी. न्याय एकाला आणि रक्त दुसऱ्याचे, अशी ती व्यवस्था होती. दुसरीकडे डाकीण ठरवून बायकांना मारण्याची प्रथा मेवाडात १८५३ मध्ये कायद्याने बंद करावी लागली. म्हणजे दैवी कोपाचे हत्यार ज्या समाजात चालते, तिथे ते बलवानाविरुद्ध क्वचित आणि बाईविरुद्ध हमखास वापरले जाते, असे माझे वाचन सांगते.

पुढे गांधीजींनी धरणे आणि उपोषण यांतला दैवी कोप काढून घेतला आणि त्याचा सत्याग्रह केला, तरी दडपणाचा प्रश्न त्यांनाही सुटला नाही. अहमदाबादच्या गिरणी संपातल्या १९१८ च्या उपोषणाने मालकांवर दडपण आले हे त्यांनी मान्य केले होते, आणि राजकोटच्या १९३९ च्या उपोषणानंतर तर आपल्या बाजूने लागलेला निवाडाही, त्यात जबरदस्ती होती म्हणून, त्यांनी सोडून दिला. प्रस्ताव मांडणाऱ्या मैत्रिणींनी या प्रसंगाचा विचार जरूर करावा. तो विक्काच्या विरोधात नाही.

अमावास्या_२३

दप्तरखाना काका, हे सारे मला माहीत नव्हते आणि त्याबद्दल आभार. परंतु आपल्याच उदाहरणावरून विचारते : चारण जामीन राहत असे, म्हणजे तो स्वतः काहीतरी पणाला लावत असे. आज आरोपीच्या बाजूने पैसा, ओळखी आणि वेळ हे सर्व आहे; फिर्यादीच्या बाजूने आम्ही काय पणाला लावतो? वर्षातली एक संध्याकाळ.

पूर्वपट्टी

प्रश्न रास्त आहे. तिच्याबरोबर प्रत्येक तारखेला न्यायालयात जाऊन बसणे, हे पणाला लावता येईल. मी हे उपहासाने लिहीत नाही. ज्या दोन बायकांचे काम मी फार मोठे मानते, त्या झारखंडच्या छुटनी महतो आणि आसामच्या दिवंगत बिरूबाला राभा. २०२१ मध्ये दोघींनाही पद्मश्री मिळाली. छुटनीबाईंना स्वतःलाच डायन ठरवून गावाबाहेर काढले होते, आणि त्यानंतर त्यांनी आपल्यासारख्या दुसऱ्या बायकांना आसरा देण्याचे काम हाती घेतले. बिरूबाला गावोगाव सभा घेऊन, सर्वांसमोर उभ्या राहून, चेटकीण असे काही नसते हे सांगत असत. त्याही एका अर्थी विधीच करत होत्या, पण त्या आरोप उच्चारण्याऐवजी मागे घेण्याचा विधी करत होत्या.

पोथीबाहेर

एक लहानशी पण आवश्यक भर घालतो. अशा निदर्शनांत 'नव्वद लाख चेटकिणींच्या आम्ही नाती' या अर्थाचे फलक पाश्चात्त्य आंदोलनांत दिसत असत. कृपा करून तो आकडा बडोद्यात आणू नये. तो अठराव्या शतकातल्या एका जर्मन लेखकाने तुटपुंज्या कागदपत्रांवरून फुगवलेला हिशेब आहे. आज इतिहासकार युरोपातल्या सुमारे तीन शतकांच्या छळात ४० ते ६० हजार माणसांना मृत्युदंड झाला असे मानतात, आणि त्यांत सर्वच स्त्रिया नव्हत्या. शिवाय ज्यांना मारले गेले त्या बहुतांशी सामान्य ख्रिस्ती शेतकरी बायका होत्या, कुठल्या गुप्त पंथाच्या उपासक नव्हत्या. स्कॉटलंडच्या तत्कालीन प्रथम मंत्री निकोला स्टर्जन यांनी ८ मार्च २०२२ रोजी १५६३ च्या कायद्याखालच्या बळींची जी औपचारिक माफी मागितली, ती त्यांच्यावर अन्याय झाला म्हणून मागितली. त्यांच्याकडे काही शक्ती होती म्हणून नव्हे. खरा आकडा पुरेसा भीषण आहे.

तर्कनिष्ठ_बाबाजीपुरा

पोथीबाहेर यांच्याशी शंभर टक्के सहमत.

विश्वामित्रीकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री आमच्या गटाची बैठक झाली आणि हा धागा तिथे मोठ्याने वाचला गेला, म्हणून आता माझे मत मोकळेपणाने लिहिते.

तर्कनिष्ठ काकांचे म्हणणे मला पूर्णपणे पटलेले नाही. विधी म्हटला की भुवा, ही त्यांची गाठ मला मान्य नाही, कारण काळी चौदसला (नरक चतुर्दशीला) आमच्या शेजारच्या गुजराती घरांतून चौकात वडे ठेवून घरातला ककळाट, म्हणजे भांडण-कटकट, बाहेर काढतात तेव्हा कोणाचे नाव घेतले जात नाही, कोणाचा जीव जात नाही आणि वर्षभर भांडलेल्या सासू-सुना हसत घरी परततात. (वडे कुत्री खातात, हा वेगळा लाभ.) माणसांना एकत्र बांधणारा विधी आणि एका माणसाला लक्ष्य करणारा विधी यांत मी फरक करते, आणि पाश्चात्त्य परंपरेतही हा फरक आहे. इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमन या अमेरिकी क्षेपणास्त्रांच्या तळाबाहेर १९८१ पासून बायकांनी छावणी टाकली. १९८२ च्या १२ डिसेंबरला सुमारे ३० हजार जणींनी हातात हात घालून त्या सबंध तळाला वेढा घातला, कुंपणाच्या जाळीत लोकरीचे धागे विणले, मुलांचे कपडे आणि छायाचित्रे अडकवली. कोळिष्टक ही त्यांची खूण होती आणि त्यांच्यातल्या अनेकजणी ते चेटकिणींच्या परंपरेतले मानत. एकाही अधिकाऱ्याला त्यासाठी शाप द्यावा लागला नाही. क्षेपणास्त्रे १९९१ पर्यंत परत गेली ती महासत्तांच्या करारामुळे, हे काकांनी सांगण्याआधी मीच सांगून टाकते. तरी त्या बायका एकोणीस वर्षे तिथे टिकल्या, आणि माझ्या लेखी विधीचे काम टिकवण्याचे असते.

नाव घेण्याच्या बाबतीत मात्र मी पूर्वपट्टीताईंच्या बाजूने आहे, आणि कायद्याच्या भीतीने नव्हे. जी फिर्यादी बाई या साऱ्याच्या केंद्रस्थानी आहे, तिला बैठकीआधी अमावास्या स्वतः जाऊन भेटली. तिने जे सांगितले त्यातले येथे लिहिण्याजोगे एवढेच की तिला स्वतःचे किंवा त्याचे, कोणाचेच नाव चौकात नको आहे.

तेव्हा २५ नोव्हेंबरला पुढीलप्रमाणे करायचे ठरले आहे. झगे आणि टोप्या नाहीत. रिंगण धरले जाईल आणि लोकरीचा एकच धागा हातोहात फिरेल. धागा हाती आल्यावर प्रत्येकीने येत्या वर्षात आपण कोणत्या तारखांना न्यायालयात सोबत जाऊ शकतो ते मोठ्याने सांगायचे, आणि ते एका वहीत लिहून घेतले जाईल. अमावास्याने मंत्र लिहिला आहे, तो मराठी आणि गुजराती दोन्हींत आहे, त्यात देवतेचे नाव नाही आणि कोणाला बांधण्याची भाषाही नाही. त्याला गटातल्या दोघींचा अजून विरोध आहे. त्या रिंगणाबाहेर उभ्या राहतील, आणि ते आम्हाला मान्य आहे.

कलम_आणि_कारकून

परवानगीच्या अर्जात 'विधी' हा शब्द न घालता 'शांततापूर्ण सभा' असे लिहावे आणि ध्वनिक्षेपक लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी मागावी. वही कोण सांभाळणार ते आत्ताच ठरवा, कारण तारखा पुढे ढकलल्या जातात आणि प्रत्येक वेळी नवी नोंद करावी लागते.

अमावास्या_२३

वही माझ्याकडे आहे. पहिली तारीख डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे आणि तिच्यापुढे चार नावे आधीच लिहिलेली आहेत. काका, पाचवे आपले लिहू का?

तर्कनिष्ठ_बाबाजीपुरा

लिहा. मंत्राच्या वेळी मी बाहेरच्या दोघींजवळ उभा राहीन.